उन्हाळी हर्ब बियाण्यांचा संच: बेझिलसाठी घ्या, लेट्युससाठी नको

बेझिल उत्तम. बी ओलं झालं की सब्जासारखं बुळबुळीत होतं (सब्जा त्याच जातीचा). झारीची धार सोडली तर बिया घसरून कुंडीच्या कडेला गोळा होतात. म्हणून पाव इंच खोल पेरा आणि फवाराच मारा. ६ पानं आली की शेंडा खुडा, नाहीतर मे महिन्यात लगेच तुरे येतात, पानं कडवट होतात. पार्सली रात्रभर भिजवून पेरली तरी ३-४ आठवडे घेते. लेट्युस मात्र उन्हाळी संचात घालायलाच नको होतं. ३० अंशांच्या वर त्याचं बी झोपूनच राहतं; पाकीट हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, दिवाळीपर्यंत ठेवा. रोपांवर दुपारी ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) हवीच, आणि माहितीपत्रकात तिचा साधा उल्लेखही नाही.