बोनेट गरम होतं, तेव्हाच मागे फिरायला हवं होतं

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी बघत असाल तर हे वाचा, मी पैसे घालवून शिकलोय.

गाडी बघायला गेलो तेव्हा ती चालूच होती. मालक म्हणाला आत्ताच धुवून आणली तुमच्यासाठी, आणि मला उलट बरं वाटलं की बघा किती व्यवस्थित माणूस आहे. बोनेटवर हात टेकला तर चटका बसला पण डोक्यात काही पेटलं नाही. टेस्ट ड्राइव्ह घेतली, एकदम लोण्यासारखी. आता आठवतं की निघताना गिअर त्यानेच टाकून दिला, मी सीट पुढेमागे करत होतो तेवढ्यात त्याने बाजूने हात घालून डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, ओढला आणि म्हणाला चला, ब्रेक सोडा. एसी फुल, गाणी चालू, आणि याची बडबड. अशात गिअर धरायला अर्धा सेकंद लागला काय आणि तीन सेकंद काय, कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पहिल्यांदा थंड गाडी चालू केली. ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला, ब्रेक सोडला, गाडी हलेचना. मला वाटलं हँडब्रेक राहिला. एक, दोन, तीन, आणि मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा धक्का देऊन गिअर धरला. डीमध्ये पण तेच, थोडं कमी. दहा मिनिटं चालवल्यावर सगळं गायब, परत लोणी. तेव्हा कळलं की गाडी धुवून नाही, तापवून आणली होती.

मेकॅनिकने डिपस्टिक काढून गिअरबॉक्सच्या ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. बऱ्याच गाड्यांत हे ऑइल नवीन असताना लाल असतं, माझं कडक चहासारखं तपकिरी, आणि वास करपलेला, म्हणजे आतल्या क्लच प्लेट घसरून जळतायत. त्याने सांगितलं की गिअरबॉक्सच्या आतले रबरी सील जुने झाले की कडक होतात, थंड असताना प्रेशर धरत नाहीत, ऑइल बाजूने निसटतं आणि क्लच दाबला जायला वेळ लागतो. गरम झाल्यावर रबर नरम पडतं आणि गाडी शहाण्यासारखी वागते. ऑइल कमी असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तरी उशीर होतो, आणि तेवढंच असेल तर नशीब. माझं नशीब तेवढं नव्हतं, गिअरबॉक्स उतरवायलाच लागला. मालकाला फोन केला तर म्हणाला तुम्ही स्वतः चालवून बघितली ना, मी देताना चांगलीच होती. याला काय उत्तर देणार, चालवून तर मीच बघितली होती!

आता मी काय करतो ते सांगतो. आदल्या दिवशीच सांगायचं की गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी मीच चालू करणार. गेल्यावर आधी बोनेटला हात. मग सपाट जागेवर, एसी आणि गाणी बंद, चालू केल्यावर वाढलेला आरपीएम, म्हणजे इंजिन फिरण्याचा वेग, खाली येईपर्यंत थांबायचं, कारण चढलेल्या आरपीएमवर गिअर टाकला की चांगल्या गाडीतही धक्का बसतो आणि आपण उगाच घाबरतो. ब्रेक पूर्ण दाबून न्यूट्रलमधून डी, आणि मनात मोजायचं. साधारण एका सेकंदात बारीकशी ओढ जाणवते आणि आरपीएमचा काटा किंचित खाली येतो, म्हणजे गिअरने धरलं. दोन सेकंदांच्या वर गेलं की मला ती गाडी नको. मग परत न्यूट्रल, मग रिव्हर्स, वेगळं मोजायचं, कारण रिव्हर्सचा क्लच बहुतेक गिअरबॉक्समध्ये वेगळा असतो आणि डी चांगला म्हणून रिव्हर्स चांगला असं काही नसतं. या सगळ्यात ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, गिअर धरायच्या आधी रेस दिली तर तो धाडकन बसतो आणि असलेला क्लचही जातो.

आणि अर्धा तास चालवून आल्यावर हेच सगळं परत करायचं. गिअरबॉक्समधला ऑइलचा पंप झिजलेला असेल तर उलटं होतं, थंडीत ठीक आणि ऑइल गरम होऊन पातळ झालं की उशीर. हे मी सांगतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या, ऑटोमॅटिकचं. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायला यंत्र बसवलेलं, तिथे हे मोजमाप लावत बसू नका.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून एरर नाही असं दाखवलं म्हणून पण खूश होऊ नका. सील गळतीचा उशीर कॉम्प्युटरला दरवेळी कळतोच असं नाही, आणि एररचे कोड पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या बऱ्याच चाचण्या अजून अपूर्ण दिसत असतील तर विचारा की कोड कुणी पुसले, की बॅटरी काढली होती.

परवा दुसरी एक गाडी बघायला गेलो. बजावून सांगितलं होतं, चालू करू नका. पोचलो तर बोनेट गरम. म्हणे, बॅटरी उतरली होती म्हणून जरा फिरवून आणली. म्हटलं काही हरकत नाही, उद्या सकाळी परत येतो. रात्री त्याचा मेसेज आला, गाडी विकली गेली.