इंटरडेंटल ब्रश: मटणाच्या रेषांवर खरा उपाय

तांबड्या-पांढऱ्यासोबत मटण झालं की दाढांच्या फटीत रेषा अडकतात आणि कोल्हापुरात हात आधी टूथपिककडे जातो. टूथपिकनं हिरडी टोचते, फटीतला थर तसाच राहतो. इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांच्या फटीत घालायचा बारीक तारेचा छोटा ब्रश, कितीतरी सरस! साइज मात्र नीट निवडा: तार दाताला न घासता आत जावी, केसांचा किंचित अडथळा जाणवावा. पुढच्या दातांना ०.४ मिमी, दाढांना बहुधा ०.६ ते ०.८. जोर लावला की तार मुळाशीच वाकते, मग तुटते. रात्री, पेस्ट न लावता, प्रत्येक फटीत दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि धुऊन वाळवा. सुरुवातीला थोडं रक्त येईल. ते सुजलेल्या हिरडीचं, म्हणून बंद करू नका. दोन आठवड्यांनीही येत असेल तर डेंटिस्टकडे जा. दात एकमेकांना घट्ट चिकटून असतील तिथं फ्लॉसच, म्हणजे दातांमधून फिरवायचा धागा.