टर्पेंटाइन सोडून नऊ महिने: करडईचं तेल, तुरटी आणि पानवाल्याचा चुना

आईचं डोकं दुखायचं. तिची खोली माझ्या स्टुडिओला लागून (स्टुडिओ कसला, दहा बाय बाराची खोली), आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की टर्पेंटाइनचा (ऑइल रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला वापरतात ते) वास थेट तिच्या उशाशी. म्हणून सोडलं. पर्यावरण वगैरे नंतर सुचलं.

आता ब्रश करडईच्या तेलात धुतो. घाण्याचंच हवं असं नाही, किराणा दुकानातलं साधं चालतं. आधी पॅलेट नाइफने आणि जुन्या वर्तमानपत्राने रंग पुसून काढायचा, मग तेलात घोळवायचा, मग साबणाने फेस पांढरा येईपर्यंत. ही शेवटची पायरी टाळली की फसलात. करडईचं तेल हळूहळू का होईना, वाळतं. दुसऱ्याच आठवड्यात माझे दोन हॉग ब्रश (डुकराच्या केसांचे) चिकट होऊन काठीसारखे कडक झाले.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. गठ्ठ्यात ती साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. मे महिन्यात असा एक बोळा हाताला चक्क कोमट लागला. तेव्हापासून फडकी पाण्याच्या डब्यात.

पातळ करायला टर्पेंटाइन नाही, मग चित्राचा पहिला थर कशाचा? अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिकच्या रंगाचा. अ‍ॅक्रिलिकवर ऑइल चालतं, उलटं चालत नाही. पण मग अ‍ॅक्रिलिकचं गढूळ पाणी आलं, आणि ते बेसिनमध्ये ओतलं तर प्लास्टिकच ओतल्यासारखं.

इथे तुरटी. गावी पुराच्या पाण्यात तुरटी फिरवायचे तेच हे. बारीक कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम त्यांना एकत्र आणतं. मी आधी मूठभर टाकली, पाणी दुधासारखंच राहिलं. आता बादलीला चमचाभर, ढवळायचं, मग पानपट्टीवरचा चिमूटभर चुना पाण्यात कालवून घालायचा, कारण तुरटीने पाणी आंबट होतं आणि गुठळ्या नीट बनत नाहीत. रात्रभरात गाळ तळाशी. वरचं पाणी जुन्या धोतरातून गाळतो. आई म्हणाली, "कुंड्यांना घाल की." नाही घालत; दिसायला नितळ, पण विरघळलेलं काय काय असतं त्यात. त्याच पाण्यात पुन्हा ब्रश धुतो. गाळ वाळवून बरणीत ठेवतोय. कॅडमियमचे (हा विषारी धातू) रंग वापरतो, त्यामुळे तो घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा धीर होत नाही. बरणी भरत आलीय, आणि तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

वेळ? रोज वीस मिनिटं जास्त. तेलाचा खर्च टर्पेंटाइनपेक्षा फार वेगळा नाही, कारण तेलही गाळ बसला की वरचं ओतून पुन्हा वापरता येतं. वार्निश काढायला अजून टर्पेंटाइनची बाटली लागते, ती गच्चीवर नेतो.