जळगावहून न्यू यॉर्क: आईला थेट विमानाने पाठवावं की आखातातून?

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई आमच्या चोपड्यात आता नवलाची राहिली नाही. तिकीट काढताना मात्र घरोघरी तोच वाद होतो: मुंबईहून थेट न्यू यॉर्क, की दुबई-अबूधाबीला विमान बदलून?

आधी अंतर बघू. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. दुबईवरून गेलात तर मुंबई-दुबई १,९०० आणि पुढे ११,००० च्या आसपास. म्हणजे वाकडी वाट फार तर चारशे किलोमीटरची, जळगाव ते मुंबई रेल्वेने जाण्याएवढी. वेळेत मात्र मोठा फरक पडतो. थेट विमानाला जाताना सुमारे सोळा तास लागतात. दुबईवरून सव्वातीन आणि चौदा तास, त्यात तीन-चार तासांचा थांबा, म्हणजे वीस-एकवीस तास. परतताना पाठीशी पश्चिमेचा जोरदार वारा असतो, त्यामुळे थेट विमान चौदा-साडेचौदा तासांतच मुंबईला येतं.

आई पहिल्यांदाच, एकटी आणि इंग्रजीशिवाय जाणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तिकीट थोडं महाग पडलं तरी थेटच काढा. परक्या विमानतळावर गेट शोधत फिरण्याची धास्ती त्या पैशांपेक्षा मोठी असते. आई-वडील दोघं सोबत असतील आणि गुडघे धरत असतील, पाय सुजत असतील, तर मधला थांबा उलट बरा. पाय मोकळे होतात. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा. तिचे पैसे लागत नाहीत आणि नेणारा माणूस गेटपर्यंत पोचवतो.

अबूधाबीचं एक वेगळेपण आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते आणि न्यू यॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण ती रांग थांब्याचा वेळ खाते, म्हणून दीड-दोन तासांचा थांबा घेऊ नका. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याची भरपाई कोणी देत नाही.

बिबडे, पापड खुशाल भरा आणि विचारलं तर सांगा. ताजी वांगी आणि मेहरूणची बोरं मात्र घरीच राहू द्या, ताजी फळं-भाजी तिकडे काढून घेतात.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. समजा, विमान १२ तारखेला रात्री दीडला सुटून त्याच दिवशी सकाळी सातला उतरतं. घरचे म्हणतात, साडेपाच तासच की! न्यू यॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्याचे साडेदहा मिळवले की सोळा तास होतात. आणि १२ च्या रात्री दीड म्हणजे ११ तारखेची रात्र. विमानतळावर साडेदहाला पोचायचं आणि जळगाव-मुंबई गाडी सात तास घेणार, तर ११ ला सकाळची गाडी धरा. संध्याकाळपर्यंत मुंबईत टेकलात की गाडी दोन तास रखडली तरी जीव टांगणीला लागत नाही. कुर्ला टर्मिनसला जाणारी गाडी मिळाली तर आणखी चांगलं, तिथून सहारचा विमानतळ जवळ पडतो.