अक्कलखाती जमा: ३३,८६० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, कारण घरात तो अजून खरा सांगितलेला नाही. ३३,८६० रुपये. बायकोला ‘वीसेक हजार’ एवढंच माहीत आहे.

वस्तू होती लेगो टेक्निकचा ४२१०० नंबरचा सेट. लीबहेर आर ९८००, खाणीत चालतो तो अवाढव्य एक्स्कॅव्हेटर. ४,१०८ तुकडे, सात मोटरी, दोन हब (मोटरींना वीज आणि हुकूम देणारे बॅटरीचे डबे). ज्यांना हा नाद आहे त्यांना पुढे काही सांगायला नको. ज्यांना नाही त्यांनी ‘४६ वर्षांचा बाप्या खेळणी घेतो?’ हा प्रश्न मनातच ठेवावा, तो मला पोलीस ठाण्यात विचारून झालाय.

२०१९ साली आलेला हा सेट आता बंद झालाय. चालू होता तेव्हा परवडत नव्हता. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून थेट ६० झाली, २०२३ मध्ये ७०. मग आमच्यासारखे लोक सेकंडहॅन्डवर डोळा ठेवून बसतात, आणि काही लोक आमच्यावर.

खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. ३१,५०० रुपये, ‘एकदाच बांधलेला, सर्व मोटरी चालू’. माणूस इंदूरचा, पण मराठी बोलणारा. “दादा, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, चार पिढ्यांपूर्वी इकडे आलो.” आता कॅनडाला चाललाय म्हणून सगळं विकतोय. हो, कॅनडा. हसा. सैन्यातली बदली सांगितली असती तर मीही तिथल्या तिथे ब्लॉक केलं असतं. पण हा माणूस ‘बूमचे ॲक्च्युएटर जरा कुरकुरतात, खोटं कशाला सांगू’ असं म्हणाला. (बूम म्हणजे मशीनचा लांब हात, ॲक्च्युएटर म्हणजे तो वर-खाली करणारे दांडे.) दोष आपणहून सांगणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. मी तरी ठेवला.

आणि मी काही आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत, हे लिहून ठेवतो. टूलरूममध्ये २२ वर्षं काढली आहेत, दुसऱ्याने मोजलेलं माप मी धरत नाही. टोकन ५,००० गुरुवारी दिलं, तेही दोनदा फोनवर बोलून. बाकीच्या आधी व्हिडिओ मागितला: माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी मशीनच्या बकेटमध्ये ठेवून, मशीन चालवून दाखवायचं. शनिवारी व्हिडिओ आला. चिठ्ठीवर माझं नाव, त्याच दिवसाची तारीख. बूम वर जाते, बकेट वळते, अख्खं मशीन गर्रकन फिरतं. मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता. मी लगेच १४,००० पाठवले.

आता तो व्हिडिओ मी पंचवीस वेळा तरी बघितला असेल. सोळाव्या सेकंदाला कॅमेरा जरा हलतो आणि कोपऱ्यात त्याचा डावा हात दिसतो. हातात रिमोट आहे. काळा, दोन दांड्यांचा.

४२१०० ला रिमोट नसतो! तो फोनवरच्या ॲपने चालतो, बॉक्समध्ये रिमोट येतच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी हे लोकांना शिकवतो. बरं, कंपनीची २००७ ची जुनी पॉवर फंक्शन्स सिरीज होती, तिला रिमोट होता, पण इन्फ्रारेड. माझा स्वतः बांधलेला ट्रॅक्टर त्या रिमोटवर चालतो आणि गच्चीवर दुपारच्या उन्हात तो दगडासारखा उभा राहतो, सिग्नलच पोचत नाही. या व्हिडिओत मात्र भर उन्हाची गच्ची, मागे वाळत घातलेल्या साड्या, आणि मशीन रिमोटवर भिरभिर फिरतंय. म्हणजे ते लेगो असूच शकत नव्हतं. नक्कल होती.

यातलं सगळ्यात कडू म्हणजे मला तो रिमोट दिसला होता. मी विचारलंसुद्धा. “रिमोट पण देणार का?” तो म्हणाला, “हो दादा, रिमोट फ्री.” आणि मला आनंद झाला. विचारायला जे तोंड उघडलं त्याच तोंडाने त्याला थँक्यू म्हणालो.

सोमवारी कुरिअरच्या पावतीचा फोटो आला आणि मी उरलेले १२,५०० टाकले. पावतीवर पाठवणाऱ्याचा पिनकोड ११० ने सुरू होत होता. इंदूरचा ४५२. तेही नंतर दिसलं. पावती आली की फक्त वजन आणि ट्रॅकिंग नंबर बघू नका, पिनकोड बघा.

शुक्रवारी खोकं आलं. तीन किलो नऊशे ग्रॅम. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून उघडलं. वरच्या थरात पिवळे बीम, म्हणजे भोकं असलेल्या पट्ट्या, नीट पिशवीत, खाली सगळा सुटा कचरा. एक पिन, म्हणजे जोडायची खुंटी, बीममध्ये घातली आणि बीम उलटा धरला. पिन आपसूक खाली पडली. काळी पिन, म्हणजे जी घट्टच बसायला हवी ती. बीमवर भिंग धरलं, बारीक अक्षरांत लेगो लिहिलेलं असतं तिथे सपाट. मग उठून डिजिटल व्हर्निअर आणलं. पंधरा भोकांचा बीम, पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या मध्यापर्यंत आठ मिलिमीटरच्या हिशोबाने ११२ यायला हवं. १११.६ आलं. दुसऱ्यात १११.५. मुलगा म्हणाला, “बाबा, मोजताय कशाला, मोटरी कुठे आहेत?”

मोटरी दोन होत्या. एकीची वायर कापलेली. सहा-सहा पेन्सिल सेलचे दोन हब असायला हवेत, तिथे चार्जिंगचं भोक असलेला एक काळा डबा. रिमोट मात्र होता, शब्दाचा पक्का माणूस.

आता २,३६० ची गोष्ट. ही लिहायची नाही असं ठरवलं होतं. फोन केला तर तो माझ्यापेक्षा जास्त चिडला. “दादा, कुरिअरवाल्यांनी माल बदलला, आपण दोघं फसलो.” इन्शुरन्स क्लेम करायचा, त्यासाठी २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, क्लेमबरोबर परत मिळणार. खोकं समोर उघडं पडलेलं असताना मी तेही पाठवले. जीएसटी जोडला म्हणून खरं वाटलं. बुधवारी नंबर बंद.

फसलात तर १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि पहिल्या तासात लावा. मी बुधवारी लावला, पहिल्या पैशांना तोवर तेरा दिवस होऊन गेले होते. तिथल्या बाईंनी नीट बोलून तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे खात्यातून कधीच पुढे सरकले होते.

मग पोलीस ठाणे. पहिला प्रश्न मुलाचं वय. म्हटलं, बारा, पण सेट माझ्यासाठी. साहेबांनी शेजारच्याला हाक मारली, “अरे ये, ऐक.” मग तो आला, मग चहावाला पोऱ्याही थांबला. पुढे निष्कर्ष: “माल मिळाला ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला.” मी म्हटलं, खरं म्हणून खोटं विकणं म्हणजे फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ वाचा. “तुम्ही वकील का?” नाही, टूलरूम. “मग?” तीन चकरांनी हातात पडली ती एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. त्यावर वस्तूचं वर्णन: ‘प्लास्टिक जेसीबी, १ नग’. स्पेलिंग सुधारायची विनंती करावी तशी मी सात मोटरींची विनंती केली, ती फेटाळली गेली.

बँकेचं उत्तर अडीच ओळींचं: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे, तक्रार बंद. कुरिअरच्या ऑफिसात सांगितलं की आम्ही वजन वाहतो, आतलं बघत नाही. बुकिंग कोणी केलं विचारलं तर ‘प्रायव्हसी’. त्याची प्रायव्हसी! माझं नाव, पत्ता, फोन, आधारची झेरॉक्स पाच टेबलांवर पडली आहे. एकाने सांगितलं दुसऱ्याकडे जा, दुसऱ्याने सांगितलं पहिल्याने लिहून दिलं पाहिजे. अर्ध्या रजा चार गेल्या, त्या ३३,८६० मध्ये धरलेल्या नाहीत.

खोकं कॅमेरा चालू ठेवूनच उघडा. मी तसं उघडलं नाही, म्हणून ‘हेच आत होतं’ याला माझ्याकडे पुरावा नाही. आणि व्हिडिओ मागाल तेव्हा चिठ्ठी मागू नका, चिठ्ठी कोणीही लिहितो. बॅटरीचं झाकण उघडायला सांगा, बीमवरची अक्षरं जवळून दाखवायला सांगा, फोनवरचं ॲप आणि हलणारं मशीन एकाच फ्रेममध्ये मागा. टाळाटाळ केली की सोडा, कितीही स्वस्त असो.

परवा त्याच ग्रुपवर पुन्हा जाहिरात दिसली. नाव वेगळं, गाव भोपाळ, किंमत २८,०००. फोटोत तीच गच्ची, त्याच साड्या. ग्रुप चालवणाऱ्याला कळवलं, दोन दिवस झाले, जाहिरात आहे तिथेच आहे. मग बायकोच्या नंबरवरून विचारलं, याच्याबरोबर रिमोट येतो का?

मिनिटाच्या आत उत्तर आलं. “हो ताई, रिमोट फ्री.”