पुढच्या दहा वर्षांचा आकडा : हृदयविकाराचा धोका सांगणारे पाच कॅल्क्युलेटर

वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल भरायचं, बटण दाबायचं, की पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता टक्क्यांत समोर येते. अशी साधनं फुकट मिळतात आणि भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण एकाच माणसाचे रिपोर्ट पाच ठिकाणी भरले तर पाच वेगळे आकडे हाती येतात. मग ज्याला जो सोयीचा वाटतो तो आकडा तो धरून बसतो. खरं तर यात चुकीचं कुणीच नसतं. प्रत्येक साधन वेगळ्या माणसांवर, वेगळ्या काळात आणि वेगळे आजार मोजून बेतलेलं आहे. कपडा एकाच्या मापाचा आणि घालणार दुसरा, असं झालं की तो कुठे ना कुठे घट्ट किंवा सैल होणारच. म्हणून कोणतं साधन कुणाच्या मापाचं आहे आणि ते भरताना कुठे घोळ होतो, हेच इथे पाहायचं आहे.

या सगळ्यांचं मूळ अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात आहे. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. कुणाला झटका आला, कुणाला नाही, आणि ज्यांना आला त्यांच्यात आधीपासून काय वेगळं होतं, एवढाच प्रश्न होता. ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्दप्रयोग वैद्यकात रुळला तो याच अभ्यासाच्या १९६१ सालच्या निबंधानंतर. आजचे सगळे कॅल्क्युलेटर त्याच पद्धतीने चालतात : खूप लोकांचे आकडे घ्यायचे, काही वर्षं थांबायचं आणि कोणत्या घटकाचं वजन किती ते गणिताने काढायचं.

सुरुवात जुन्यापासून. पूल्ड कोहॉर्ट इक्वेशन्स, म्हणजे पीसीई, हे २०१३ सालचं अमेरिकी साधन ४० ते ७९ वयासाठी आहे. फॉर्म छोटा आहे : वय, लिंग, वंश, एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), रक्तदाबाचा वरचा आकडा, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, मधुमेह, धूम्रपान. हे साधन कसं वागतं ते एका उदाहरणावरून कळतं. पुरुष, वय ५५, एकूण कोलेस्टेरॉल २१३, एचडीएल ५०, वरचा रक्तदाब १२०, गोळी नाही, मधुमेह नाही, धूम्रपान नाही. गोऱ्या पुरुषासाठी उत्तर येतं ५.३ टक्के, कृष्णवर्णीय पुरुषासाठी ६.१. तेच आकडे स्त्रीचे असतील तर अनुक्रमे २.१ आणि ३.०. आता त्याच गोऱ्या पुरुषाचा रक्तदाब १२० ऐवजी १४० भरा, उत्तर सातच्या आसपास जातं. रक्तदाब १२०च ठेवून ‘गोळी चालू आहे’वर खूण केली तरी आकडा सहाच्या वर सरकतो, कारण गोळीने खाली आणलेला १२० आणि मुळातला १२० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि बाकी काहीही न बदलता फक्त वय ५५चं ६५ केलं, तर उत्तर बाराच्या जवळ पोचतं. वयापुढे बाकी सगळे घटक लिंबूटिंबू वाटावेत, इतकं त्याचं वजन आहे.

अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत ५ टक्क्यांखाली कमी धोका, ५ ते ७.५ सीमारेषा, ७.५ ते २० मध्यम आणि २० किंवा जास्त म्हणजे मोठा धोका असे टप्पे होते. म्हणजे तब्येतीत काहीही न बिघडता, निव्वळ वाढदिवस साजरे करत माणूस एका टप्प्यातून दुसऱ्यात जातो. उलट पस्तिशीतला, धूम्रपान करणारा, कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस या साधनाच्या खिजगणतीतच नाही.

पीसीईचा मोठा दोष म्हणजे ते धोका फुगवून सांगतं. ज्या अभ्यासांवर ते उभं आहे, त्यातल्या लोकांची नोंदणी कित्येक दशकांपूर्वीची आहे. तेव्हा धूम्रपान जास्त होतं आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या एक तर आल्या नव्हत्या किंवा फार कमी लोकांना मिळत होत्या. दुसरा दोष आपल्याला थेट लागू होतो. वंशाच्या चौकटीत गोरे, कृष्णवर्णीय आणि ‘इतर’ एवढेच पर्याय आहेत, आणि ‘इतर’ निवडलं की मागे गोऱ्यांचंच समीकरण चालतं. दक्षिण आशियाई माणसाचा धोका त्यामुळे कमी दिसू शकतो. २०१८च्या अमेरिकी सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा ‘धोका वाढवणारा घटक’ म्हणून वेगळा लिहिलेला आहे. म्हणजे फुगवणारं आणि दाबणारं, दोन्ही एकाच यंत्रात. आज नव्याने वापरायला घेण्यासारखं हे साधन राहिलेलं नाही.

त्याची जागा घ्यायला अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली प्रिव्हेंट आणलं. ३० ते ७९ वय, पासष्ट लाखांहून जास्त लोकांची माहिती, आणि वंशाची चौकट पूर्णपणे काढून टाकलेली. त्याऐवजी मूत्रपिंडाचं काम सांगणारा ईजीएफआर भरावा लागतो. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण (मूत्रपिंडाला इजा झाली आहे का ते सांगणारं) हे ऐच्छिक आहे. उत्तरं तीन मिळतात : झटका-पक्षाघाताचा धोका, हार्ट फेल्युअरचा (हृदयाचा पंप कमी पडण्याचा) धोका आणि दोन्ही मिळून. शिवाय ३० ते ५९ वयासाठी तीस वर्षांचा आकडाही येतो. या पाचांतली सगळ्यात उपयोगी सोय हीच. पस्तिशीत दहा वर्षांचा धोका बहुतेकांचा कमीच निघतो. तीस वर्षांचा आकडा पाहिला की तोच माणूस सिगारेटचं पाकीट खाली ठेवायचा विचार करतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रिव्हेंटचे आकडे पीसीईच्या तुलनेत सरासरी निम्म्याच्या आसपास येतात. जुन्या साधनावर ८ टक्के होते आणि नव्यावर ४ आले, म्हणजे तब्येत सुधारली असं नाही, मोजपट्टी बदलली. म्हणून पीसीईचे जुने टप्पे प्रिव्हेंटच्या उत्तरावर लावू नयेत. आणि वंशाची चौकट काढल्याने दक्षिण आशियाई माणसाचा प्रश्न सुटलेला नाही, तो फक्त फॉर्मवरून नाहीसा झाला आहे.

त्या बाबतीत ब्रिटनचं क्यूरिस्क-३ बरंच पुढे आहे. २०१७ सालचं हे साधन इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या लाखो रुग्णांच्या नोंदींवरून बेतलं आहे आणि २५ ते ८४ वयाला चालतं. वंशाच्या यादीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे स्वतंत्र पर्याय आहेत. धूम्रपानात नुसतं हो-नाही नाही : कधीच नाही, सोडलं, दिवसाला दहाच्या आत, दहा ते एकोणीस, वीस किंवा जास्त. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा झटका आला का, हेही विचारतं. शिवाय मायग्रेन, आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा एक आजार), नियमित स्टिरॉइड, गंभीर मानसिक आजार, त्यासाठीची काही औषधं, पुरुषांमधली लैंगिक ताठरतेची अडचण, हे सगळं त्यात आहे. दिसायला ही यादी अघळपघळ वाटते, पण यातली प्रत्येक गोष्ट धोक्याशी जोडलेली आढळली म्हणूनच ती तिथे आहे.

ब्रिटिश पोस्टकोडची चौकट रिकामी सोडावी. बाकी रिकाम्या चौकटींबाबत सावध असावं, कारण कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब भरला नाही तरी क्यूरिस्क उत्तर देतं. तिथे ते त्या वयाच्या, लिंगाच्या आणि वंशाच्या माणसाचा साधारण आकडा धरून चालतं. अशा अर्ध्या भरलेल्या फॉर्मवरचं उत्तर तुमचं नसतं, तुमच्यासारख्या कुणाचं तरी असतं.

क्यूरिस्कमधली हमखास होणारी चूक कोलेस्टेरॉलच्या चौकटीत आहे. तिथे कोलेस्टेरॉल नव्हे, एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल हे गुणोत्तर लागतं. एकूण १९० आणि एचडीएल ४५ असेल तर ४.२. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर पुष्कळदा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल यांचं गुणोत्तरही छापलेलं असतं. तो आकडा लहान असतो आणि घाईत तोच उचलला जातो, मग धोका खोटाच कमी निघतो. ज्यांचे रिपोर्ट मिलिमोल प्रति लिटरमध्ये येतात, ते ५.२ हे एकूण कोलेस्टेरॉलच गुणोत्तर समजून भरतात. दोन्ही आकडे चौकटीत सहज बसतात, त्यामुळे यंत्र कुरकुर करत नाही. गुणोत्तर स्वतः भागाकार करून काढावं, हे उत्तम.

एककांचा गोंधळ इतर साधनांतही आहे. कोलेस्टेरॉलचं मिलिमोल प्रति लिटर ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर करायला ३८.६७ने गुणायचं. ज्यावरून ईजीएफआर काढतात त्या क्रिएटिनिनसाठी मिलिग्रॅमचे मायक्रोमोल करायचे तर ८८.४ने. पीसीई निदान १३० ते ३२० या पट्ट्याबाहेरचं एकूण कोलेस्टेरॉल घेतच नाही, त्यामुळे तिथे ५.२ भरलं तर लगेच अडकतं. हा अडसर त्रासदायक वाटतो, पण चांगला आहे.

स्कोअर-२ (२०२१) हे युरोपचं साधन गणिताच्या दृष्टीने नेटकं आहे : ४० ते ६९ वय, धूम्रपान, वरचा रक्तदाब, आणि एकूणमधून एचडीएल वजा करून येणारं नॉन-एचडीएल. सत्तरीपुढच्यांसाठी स्कोअर-२-ओपी वेगळं आहे. पण ते युरोपातल्या देशांचे कमी, मध्यम, जास्त आणि अतिजास्त धोक्याचे चार गट पाडून त्यानुसार जुळवलेलं आहे. भारतातल्या माणसाने कोणता गट निवडायचा, हे या मूळ साधनात सांगितलेलं नाही. इथेच थांबावं.

रक्ततपासणीच झाली नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९चे तक्ते कामाचे. जगाचे २१ भाग करून प्रत्येकासाठी वेगळा रंगीत तक्ता आहे, आणि त्यातला एक प्रकार कोलेस्टेरॉलशिवाय चालतो : वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन). मधुमेह मात्र या बिनतपासणीच्या तक्त्यात धरलेला नाही, त्यामुळे मधुमेही माणसाचा धोका तिथे कमी दिसतो. उत्तरही नेमकं नसून पट्ट्यांत येतं. गावोगाव तपासणी करणाऱ्यांसाठी हे बेतलं आहे, आणि त्या कामाला ते चोख आहे.

आता आकडे जुळत नाहीत त्याचं दुसरं कारण. ‘हृदयविकार’ म्हणून प्रत्येक जण वेगळं मोजतो. पीसीई फक्त झटका, हृदयविकाराने मृत्यू आणि पक्षाघात धरतं. क्यूरिस्क त्यात अंजायना आणि काही काळात आपोआप ओसरणारा छोटा पक्षाघातही धरतं. प्रिव्हेंटच्या एकत्रित आकड्यात हार्ट फेल्युअर आहे. जाळं मोठं असलं की मासे जास्त येणारच. म्हणून क्यूरिस्कचे ९ आणि प्रिव्हेंटचे ५ शेजारी ठेवून भांडू नये. एक साधन निवडावं आणि दरवेळी तेच वापरावं.

कुठलंही साधन निवडलं तरी सगळ्यात डळमळीत आकडा रक्तदाबाचाच असतो. जिना चढून आल्याबरोबर, पाय लोंबकळत, हात मांडीवर ठेवून, बोलत बोलत घेतलेलं मोजमाप सहज जास्त येतं. दंडाच्या मानाने लहान पट्टा लावला तरी तसंच. लघवी करून यावं, पाच मिनिटं गप्प बसावं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोन मापं घ्यावीत, आणि असं काही दिवस करून सरासरी भरावी. क्यूरिस्कमध्ये रक्तदाबाच्या चढउताराचीही चौकट आहे. सगळी मापं जपून ठेवली असतील तर त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरली आहेत तो आकडा, तिथे भरता येतं.

काही जणांनी हा फॉर्म भरूच नये. ज्यांना झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांचा धोका मोठा आहे हे आधीच ठरलेलं आहे. एलडीएल १९० किंवा जास्त असेल, किंवा घराण्यात आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार असेल, तिथेही दहा वर्षांचा हिशोब दिशाभूल करतो. ब्रिटिश सूचनांनुसार टाइप-१ मधुमेह आणि ईजीएफआर ६०च्या खाली असलेल्यांसाठीही क्यूरिस्क वापरायचं नाही, जरी फॉर्मवर त्या चौकटी दिसत असल्या तरी. आणि लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखा, बहुतांशी आनुवंशिकतेने ठरणारा रक्तातला घटक, यांच्यापैकी एकाही साधनात नाही. तो वाढलेला असेल तर आलेला आकडा कमीच समजावा.

आकडा आल्यावर त्याचं करायचं काय, हे बहुतेक पानं नीट सांगत नाहीत. स्टॅटिनवरच्या मोठ्या चाचण्या एकत्र केल्यावर निष्कर्ष असा निघाला : एलडीएल १ मिलिमोल, म्हणजे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. हे २२ टक्के सगळ्यांना जवळपास सारखेच, पण हाती पडणारा फायदा सारखा नाही. दहा वर्षांचा धोका १० टक्के असेल तर तो ढोबळमानाने ७.८वर येतो. म्हणजे शंभरातल्या दोघांचा बचाव, किंवा साधारण ४५ जणांनी गोळी घेतली तर एकाला फायदा. धोका ३० टक्के असेल तर २३.४वर, म्हणजे १५ जणांत एकाला. ब्रिटनमध्ये १० टक्के किंवा जास्त निघालं की अॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुचवतात, पण त्याच्या खालच्यांनाही, त्यांची इच्छा असेल तर, गोळी नाकारू नये असं तिथल्या २०२३च्या सूचनेत आहे. ४५ मध्ये एक हे कुणाला पुरेसं वाटेल, कुणाला नाही. डॉक्टरांशी बोलायचं ते याच आकड्यावर.

गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी नवं कोलेस्टेरॉल भरून ‘धोका किती उतरला’ हे पाहायचा मोह होतो. क्यूरिस्क आणि पीसीईत तसं करू नये, कारण स्टॅटिन चालू असल्याची चौकटच तिथे नाही आणि औषधाने उतरलेलं कोलेस्टेरॉल ती साधनं जन्मजात समजतात. प्रिव्हेंटमध्ये ती चौकट आहे, तिच्यावर खूण करायला विसरू नये. उपचार लागू पडतोय का हे पाहायचं तर एलडीएल किंवा नॉन-एचडीएल सुरुवातीच्या रिपोर्टशी ताडून पाहावं. त्यासाठी गोळी सुरू करण्याआधीचा रिपोर्ट फाइलला लावलेला हवा.