चौथं वर्ष: नुसतं ऑनर्स की संशोधनासह?

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या दोन्ही पदव्या १६० क्रेडिट्सच्याच (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक). फरक १२ क्रेडिट्सचा: साध्या ऑनर्सला तेवढ्या क्रेडिट्सचे पेपर, संशोधनाला प्रबंध. शिवाय संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत.

पेपरवाल्यांचं बरं असतं. वेळापत्रक ठरलेलं, घरी जायची लोकल ठरलेली, जोडीला पार्ट-टाइम नोकरीही जमते.

संशोधनाचं तसं नाही. शिवडीच्या खाडीतल्या गाळाचे नमुने हवेत तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघायचं. ओहोटी भल्या पहाटे असली तर पहिली हार्बर लोकल. बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन धापा टाकत कॉलेज गाठावं, तर लॅबला कुलूप! मॅडम सही देतात, पण किल्ली, काचेची भांडी, ओव्हनचा नंबर सगळं लॅबच्या मामांच्या हातात. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, हे माहितीपत्रकात कुठेच छापलेलं नसतं.

लगेच नोकरी धरायची असेल तर माझं मत पेपरांना. पीएच.डी. डोक्यात असेल तर मात्र गाळात उतराच. फक्त जुने बूट घाला, तो चिखल धुऊन जात नाही.